मदरबोर्ड ‘नवा’ टाकला, पण कुणाचा?

आंबोलीच्या पावसात दोन रात्री बेडकांची छायाचित्रे काढून मी घरी परतलो आणि कॅमेऱ्याच्या पडद्यावर लेन्सच्या छिद्राचा, म्हणजे अ‍ॅपर्चरचा आकडा दिसेनासा झाला. एफ अक्षरापुढे नुसत्या दोन आडव्या रेघा येत आणि ऑटोवर शटर पडत नसे. ही गोष्ट जुलै २०२२ ची. कॅमेरा निकॉन डी७२००, २०१६ साली नवा घेतलेला आणि बऱ्यापैकी जपलेला. या रेघांचा अर्थ बहुतेक वेळा एवढाच असतो, की लेन्सच्या मागच्या सोनेरी टिकल्या आणि कॅमेऱ्याच्या तोंडाशी असलेल्या पिना यांचा संपर्क नीट होत नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोलने जेमतेम ओलसर केलेल्या मऊ कापडाने त्या पुसल्या की पुष्कळदा काम भागते. हे मला आज ठाऊक आहे. तेव्हा मी घाबरून थेट मुंबई गाठली.

फोर्ट भागात कॅमेरा दुरुस्त करणारे चांगले कारागीरही आहेत, परंतु मी शिरलो ते पाटी मोठी असलेल्या दुकानात. मालकांनी कॅमेरा हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि म्हणाले, “साहेब, आत ओलावा गेलाय. उघडून बघावं लागेल, अर्धा तास बसा.” कॅमेरा प्लायवूडच्या आडोशामागे एका मुलाकडे गेला. दहा-पंधरा मिनिटांनी आतून लवंगी फटाक्यासारखा ‘फट्’ असा आवाज आला आणि पाठोपाठ कुजबुज ऐकू आली. मालक आत जाऊन आले आणि मदरबोर्ड, म्हणजे कॅमेऱ्याचा मुख्य सर्किट बोर्ड, गेला असून नवा टाकायला साडेचौदा हजार लागतील असे त्यांनी सांगितले. आवाजाबद्दल विचारले, तर तो पंख्याच्या बटणाचा होता म्हणे. जुना बोर्ड परत मागितला, तेव्हा “तो कंपनीला परत द्यावा लागतो” असे उत्तर मिळाले आणि ते मी मुकाट्याने मान्य केले. चार दिवसांनी कॅमेरा हातात आला, चालूही झाला. पावतीवर ‘कॅमेरा रिपेअर १४,५००’ एवढेच शब्द होते. ना मॉडेल, ना सिरीयल नंबर, ना बदललेल्या भागाचे नाव.

जानेवारी २०२४ मध्ये कॅमेरा विकायला काढला, तेव्हा प्रकरण उघडकीस आले. कोल्हापूरच्या एका तरुणाने संपादन न केलेला एक मूळ फोटो मागवला आणि दुसऱ्या दिवशी फोनवर जरा कडक आवाजात विचारले, “काका, तुम्ही एक्केचाळीस हजार क्लिक म्हणालात, फाइलमध्ये एक लाख अठरा हजार दिसतात. आणि फोटोच्या फाइलमधला सिरीयल नंबर कॅमेऱ्याच्या तळाच्या नंबरशी जुळत नाही. कॅमेरा तुमचाच आहे ना?” फसवला गेलेला मी आणि चोर ठरायची वेळही माझ्यावरच! जानेवारी २०२२ मधले माझे जुने फोटो तपासले, तर त्यांतला नंबर तळाच्या नंबरशी तंतोतंत जुळत होता. शटर किती वेळा पडले याची मोजणी आणि फोटोत नोंदला जाणारा नंबर हे दोन्ही या कॅमेऱ्यात बोर्डावर साठवलेले असतात. म्हणजे मला ‘नवा’ म्हणून दिलेला बोर्ड कुणाच्या तरी घासून वापरलेल्या कॅमेऱ्यातून काढलेला होता.

नंतर पुण्यातल्या एका जुन्या कारागिरांनी तो कॅमेरा माझ्यासमोर उघडला. तळाच्या स्क्रूंची डोकी पार खरवडलेली होती आणि एक स्क्रू भलत्याच लांबीचा होता. जपानी कॅमेऱ्यांच्या स्क्रूंना जपानी मापाचाच ड्रायव्हर लागतो, साधा चौफुलीचा ड्रायव्हर घसरतो आणि खाचा खातो, हे त्यांनी भिंगातून दाखवले. बॅटरी काढूनही त्यांनी आत लगेच हात घातला नाही. फ्लॅशसाठी वीज साठवणाऱ्या कपॅसिटरमध्ये सुमारे ३०० व्होल्ट साठलेले असतात आणि बॅटरी काढल्यावरही ते बराच काळ टिकतात. म्हणून त्यांनी तो साठा रेझिस्टर लावून सावकाश उतरवला, मल्टिमीटरने मोजला आणि मगच पुढचा स्क्रू सोडला. ‘फट्’ आवाजाची हकीकत ऐकल्यावर त्यांनी नुसते माझ्याकडे पाहिले. आडोशामागच्या त्या मुलाचा ड्रायव्हर कपॅसिटरच्या टोकांना टेकला असावा आणि माझा धडधाकट बोर्ड त्या झटक्यात गेला असावा, असा आमचा तर्क आहे. पुरावा नाही, कारण बोर्डच मी सोडून आलो. चूक कुणाच्याही हातून होते आणि खरे सांगितले असते तर मी कदाचित ती गिळलीही असती. मात्र दुकानाच्या चुकीचे पैसे दुकानाने माझ्याकडूनच घेतले, हे अजून पचलेले नाही.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर मी फोन केला. जिल्हा ग्राहक आयोगात साधारणपणे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्कही लागत नाही, त्यामुळे मुदत अजून शिल्लक होती. अडचण पावतीची झाली, कारण ती याच कॅमेऱ्याची आहे हे तिच्यावरून सिद्धच होत नव्हते.

आता कोणतेही उपकरण दुरुस्तीला देताना मी आदल्या दिवशीचा एक मूळ फोटो जपून ठेवतो, तळाचा नंबर पावतीवर दुकानदाराच्याच हाताने लिहून घेतो आणि जुना भाग परत मिळणार नसेल तर उपकरण उचलून बाहेर पडतो. दुकानदार तोंड वाकडे करतात, ते चालते. तो डी७२०० माझ्याकडेच आहे. विकताना दोन्ही नंबर सांगावे लागतील आणि ते ऐकून कुणी योग्य किंमत देईल असे वाटत नाही.