ॲनेरोबिक बाटल्यांचा सेट: काच झकास, बुचांनी घोळ घातला

६ महिने रोज वापरून लिहितेय, त्यामुळे "पॅकिंग छान होतं" टाइप रिव्ह्यू नाहीये हा. ॲनेरोबिक म्हणजे आत ऑक्सिजन नको असलेल्या कामासाठीच्या बाटल्या. सेटमध्ये १२० एमएलच्या जाड काचेच्या बाटल्या, ब्यूटाइल रबरची बुचं, ॲल्युमिनियमच्या टोप्या आणि त्या आवळायचा क्रिंपर.

आमचं काम मिथेन बनवणाऱ्या सूक्ष्मजीवांवर आहे. सोलर नि वाऱ्याची वीज जास्त झाली की तिच्यापासून हायड्रोजन करायचा, तो कार्बन डायऑक्साइडसोबत जमिनीखालच्या रिकाम्या झालेल्या गॅसच्या साठ्यात सोडायचा आणि तिथल्या जिवांकडून त्याचा मिथेन करून घ्यायचा. ऑस्ट्रियात आरएजी कंपनीने खऱ्या साठ्यात हे करून बघितलंय, आम्ही बापडे बाटलीत करतो. (हे बॅक्टेरिया नाहीत बरं का, आर्किया आहेत, कार्ल वूज या शास्त्रज्ञाने सहकाऱ्यासोबत १९७७ साली बॅक्टेरियांपेक्षा वेगळा गट म्हणून दाखवले ते.) ऑक्सिजनशी यांचं हाडवैर, म्हणून सगळा खेळ बुचावर.

आधी काचेबद्दल. १२१ डिग्रीला किती वेळा ऑटोक्लेव्ह केल्या (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक), दुप्पट प्रेशरने गॅस भरला, एकही तडकली नाही. पैकीच्या पैकी मार्क.

आता बुचं. पहिल्या लॉटची जाड, निळी, सुई घालताना अंगठा दुखायचा पण काम चोख. चार हायड्रोजन आणि एक कार्बन डायऑक्साइड मिळून एकच मिथेन होतो, बाकीचं पाणी, म्हणजे ५ भाग गॅसचा १ भाग उरतो. त्यामुळे जीव पोटभर जेवले की बाटलीत चक्क व्हॅक्यूम होतो, सिरिंज टोचली की दट्ट्या आपोआप आत ओढला जातो, पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी तीनदा सुई काढून परत टोचली निव्वळ मजा म्हणून.

दुसऱ्या लॉटमध्ये तशाच पाकिटात पातळ, करड्या रंगाची बुचं आली, कुठे काही लिहिलेलं नाही. आम्हीही बघितलं नाही, चूक आमचीपण. ४ दिवसांत प्रेशर सपाट्याने खाली आलं आणि आम्ही खूश, म्हटलं यावेळी कल्चर (बाटलीत वाढवलेले जीव) जोरात आहे! मग जीसीवर (गॅस क्रोमॅटोग्राफ, गॅसमधले घटक मोजणारं यंत्र) गॅस लावला तर मिथेन नावालाच. आणि ज्या बाटल्यांत जीव घातलेच नव्हते, फक्त गॅस भरला होता, त्यांचंही प्रेशर उतरलेलं. हायड्रोजन कोणी खाल्लाच नव्हता, करड्या बुचांतून पळाला होता. पुढच्या आठवड्यात मीडियम (जीव वाढवायचं द्रावण) गुलाबी झालं, त्यात रेझाझुरिन नावाचा रंग घातलेला असतो ना, हवा शिरली की तो लगेच चुगली करतो. अख्खी बॅच बेसिनमध्ये. वर मीडियममधल्या सल्फाइडमुळे सडक्या अंड्यांचा वास, तो वेगळाच.

खऱ्या साठ्यातही नेमकी हीच डोकेदुखी आहे, प्रेशर उतरलं यावरून गॅस गळाला की कोणी खाल्ला ते कळत नाही, घटक मोजावेच लागतात. चेकोस्लोव्हाकियात लोबोडित्सेच्या जमिनीखालच्या गॅससाठ्यात ७ महिन्यांत हायड्रोजन ५४ टक्क्यांवरून ३७ वर आला आणि मिथेन २२ वरून ४० वर गेला, तो मिथेन वाढलेला दिसला म्हणूनच बोट जिवांकडे गेलं. प्रेशरगेज बघून नाचणाऱ्या आमच्यासारख्यांना तिथे काहीच कळलं नसतं.

विक्रेत्याला फोटो पाठवले तर आधी उत्तर की "दोन्ही बुचं सारखीच आहेत". सारखी कुठली हो, एक नखाने दाबली जाते, एक जात नाही! तीन मेल झाल्यावर बदलून दिली, पण वाया गेलेल्या महिन्याचं काय ते विचारू नका.

क्रिंपर ठीकठाक. नवा असताना जास्त आवळतो आणि बुचाला मधोमध खड्डा पडतो, खालचा स्क्रू थोडा सैल करा. टोपी बोटांनी फिरली नाही पाहिजे, एवढं बघितलं की झालं.

काचेला ५ स्टार, बुचांना २, सर्व्हिसला ३. मी बाटल्या परत घेईन, बुचं मात्र दुसरीकडून, आणि घेतल्यावर प्रत्येक पाकिटातलं एक बूच लावून नुसता हायड्रोजन भरून आठवडाभर ठेवून बघणार.