साडेसतरा किलोंचं नऊवर आणलेलं डायव्हिंगचं सामान: सात महिन्यांनंतर

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत अंदमानला निघालो, तेव्हा पुणे विमानतळावर माझ्या बॅगेने १५ किलोंची हद्द ओलांडली. जाताना ३ किलोंचे जादा पैसे भरले, येताना ५ किलोंचे. त्या बॅगेत माझा एकही कपडा नव्हता, कपडे सगळे नवऱ्याच्या बॅगेत. घरी आल्यावर लटकत्या काट्याला एकेक वस्तू लावली आणि वहीत आकडे लिहिले. बीसीडी (टाकी धरणारं, हवा भरून तरंगवणारं जॅकेट) ४.१, कन्सोलसकट म्हणजे गेजच्या डबीसकट रेग्युलेटर (टाकीतली हवा तोंडापर्यंत आणणारं यंत्र) २.९, फिन्स (पोहायचे वल्हे) आणि बुटीज (रबरी बूट) ३.६, तीन मिलिमीटरचा पूर्ण वेटसूट १.६, मास्क, टॉर्च, एसएमबी (बोटीला दिसावा म्हणून वर सोडायचा फुगा) वगैरे किरकोळ मिळून १.४. आणि चाकांची ती मजबूत बॅग रिकामीच ३.८! म्हणजे साडेसतरा किलोंतले जवळजवळ चार किलो नुसत्या बॅगेचे.

त्याच महिन्यात जुनं बरंचसं विकलं आणि हलकं घेतलं. नवीन यादी अशी: बीसीडी २.३, रेग्युलेटर १.९, फिन्स आणि मोजे १.६, अर्ध्या बाह्यांचा शॉर्टी वेटसूट १.१, किरकोळ १.१, पाठीवरची साधी बॅग ०.९. एकूण ८.९ किलो. डिसेंबरात मालवण, फेब्रुवारीत स्वराज द्वीप म्हणजे आपलं हॅवलॉक, मे महिन्यात बाली. ३४ डाइव्ह झाले. कंपन्यांची नावं देत नाही, कारण मॉडेलं दरवर्षी बदलतात. दुकानात जाताना काटा खिशात ठेवा, तो खरं सांगतो.

सगळं भाड्याने मिळत असताना स्वतःचं न्यायचंच कशाला, असं बरेच जण विचारतात. हवेची टाकी आणि पाण्यात खाली जायला लागणारं शिसं कुणीच नेत नाही, नेऊही नये. ॲल्युमिनियमची ८० घनफुटी टाकी रिकामी असताना १४ किलोंच्या घरात जाते. पण एका ठिकाणी भाड्याच्या बीसीडीचं इन्फ्लेटरचं म्हणजे हवा भरायचं बटण खाली दाबलेलंच अडकून बसलं आणि मी नको तेव्हा वर जाऊ लागले. हवेची होज म्हणजे नळी काढून टाकली, हवा सोडली, निभावलं. त्या दिवसापासून श्वास आणि तरंगणं या दोन गोष्टी मी माझ्याच वस्तूंवर सोपवते. मास्कचं तर विचारूच नका. माझा नंबर उणे साडेतीन आहे. नंबरची काच नसेल तर समोरचा मासा आणि खडक मला सारखेच.

बीसीडीबद्दल सविस्तर लिहिते, कारण वजन खरं तिथे कमी होतं आणि चुकाही तिथेच होतात. प्रवासी बीसीडीत पाठीमागची कडक प्लेट नसते, गाद्या पातळ असतात, खिसे नावापुरते. मालवणात पहिल्याच डाइव्हला सात मीटरवर टाकी पट्ट्यातून खाली घसरली. मागून हिसका बसला, रेग्युलेटर तोंडातून ओढला गेला. बडीने म्हणजे सोबतच्या डायव्हरने टाकी उचलून धरली आणि आम्ही सावकाश वर आलो. बोटीवरच्या काकांनी पट्टा हातात घेऊन पाहिला आणि म्हणाले, "ताई, पट्टो आधी भिजवा, मगे आवळा." कारण एवढंच: नायलॉनचा कोरडा पट्टा कितीही आवळला तरी पाण्यात भिजल्यावर ताणतो आणि सैल पडतो. जुन्या बीसीडीची कडक पाठ टाकीला धरून ठेवायची, म्हणून हे मला कधी जाणवलं नव्हतं. आता बोट निघाल्याबरोबर पट्टा बादलीत बुडवते, दोन मिनिटांनी बसवते, मग बीसीडी धरून टाकी उचलून झटका देते. टाकी जागची हलली तर पुन्हा. ३३ डाइव्हमध्ये एकदाही घसरली नाही.

एक फायदा मात्र अनपेक्षित मिळाला. जाड गाद्यांचा फोम स्वतःच तरंगतो आणि त्याला खाली न्यायला शिसं लागतं. हलक्या बीसीडीत मला ६ ऐवजी ५ किलो पुरलं. थंड पाण्यात जाड सूट घालणाऱ्यांना हिची उचलण्याची ताकद कमी पडेल, पण २८ अंशांच्या पाण्यात चिंता नाही.

रेग्युलेटरमध्ये किलोभर कमी झाला, त्यात मोठा वाटा कन्सोलचा. खोली आणि वेळ सांगणारा कॉम्प्युटर मनगटावर आणि होजच्या टोकाला तळहातात मावेल एवढा प्रेशर गेज, बस. सगळ्यात हलका आणि स्वस्त फर्स्ट स्टेज (रेग्युलेटरचा टाकीवर बसणारा भाग) दुकानदार दाखवत होता, तो अनबॅलन्स्ड पिस्टनचा. त्यात टाकी रिकामी होत येते आणि आपण खोलवर असतो, तेव्हा श्वास ओढायला जोर लागतो. मी दीडशे ग्रॅम जास्त सोसून असा जोर न लागणारा बॅलन्स्ड डायफ्रॅम घेतला आणि पुन्हा तोच घेईन. विणलेल्या होज मऊ आणि हलक्या असतात, छान गुंडाळल्या जातात. पण त्यांतल्या काहींचं आतलं अस्तर उष्ण दमट हवेत खराब होऊन स्फटिक साचल्याची आणि हवा अडल्याची प्रकरणं डायव्हर्स अलर्ट नेटवर्क या डायव्हरांच्या सुरक्षेसाठी काम करणाऱ्या संस्थेने नोंदवली आहेत. म्हणून घ्यायच्या तर अस्तराची चौकशी करून घ्या आणि वर्षाच्या सर्व्हिसिंगला होजसुद्धा तपासायला द्या.

फिन्सच्या बाबतीत मी अर्धी चुकले. टाच झाकणाऱ्या, बुटीजशिवाय घालायच्या फिन्स घेतल्या आणि दोन किलो वाचवले. हॅवलॉकला सगळे डाइव्ह बोटीवरून, तिथे उत्तम. बालीत तुलांबेनला मात्र किनाऱ्यावरून चालत पाण्यात उतरायचं असतं. तिथे लिबर्टी नावाचं अमेरिकन मालवाहू जहाज आहे. जानेवारी १९४२ मध्ये जपानी पाणबुडीचा टॉर्पेडो लागल्यावर ते किनाऱ्याला आणून लावलं होतं, १९६३ मध्ये अगुंग ज्वालामुखीचा उद्रेक झाला आणि ते पाण्यात सरकलं. किनाऱ्यावर वाळू नाही, नारळाएवढे काळे गोटे. पाठीवर टाकी, पायात पातळ मोजे, आणि लाटेबरोबर पायाखालचा गोटा फिरतो. तिथल्या बायका डोक्यावर टाकी घेऊन त्याच गोट्यांवरून सरळ चालत जातात. मी दोनदा गुडघ्यावर आले. दुसऱ्या दिवसापासून भाड्याच्या बुटीज आणि फिन्स घेतल्या.

आता परतीचं वजन. लोक जातानाचं मोजतात आणि फसतात. फेब्रुवारीत हॅवलॉकहून निघताना तेच ८.९ किलोंचं सामान काट्यावर ११.२ भरलं. सव्वादोन किलो नुसतं पाणी! थोडं सूटमध्ये, थोडं पट्ट्यांत, आणि बाकी बीसीडीच्या पिशवीत. हवा सोडताना थोडं थोडं पाणी आत जातं आणि बाहेरून कळत नाही. बालीला रीत बदलली. शेवटचा डाइव्ह आदल्या दिवशी सकाळी दहाच्या आत संपवायचा. अनेक दिवस डाइव्ह केल्यावर विमानात बसण्याआधी निदान १८ तास थांबावं लागतंच, तेच वाळवायचे तास. बीसीडीत गोडं पाणी भरून हलवायचं, उलटी धरून इन्फ्लेटरच्या तोंडातून शेवटचा थेंब जाईपर्यंत काढायचं, मग फुगवून सावलीत टांगायची. सूट मोठ्या टॉवेलमध्ये गुंडाळून पायाने तुडवायचा. टॉवेल चिंब होतो आणि सूट निम्मा कोरडा. रात्रभर पंख्याखाली, सकाळी आतली बाजू बाहेर करून पुन्हा तासभर. बालीहून निघताना काटा ९.२ वर थांबला.

रेग्युलेटर, मास्क आणि कॉम्प्युटर नेहमी हातातल्या सात किलोंत. सुरक्षा तपासणीत रेग्युलेटर दर वेळी बाहेर काढायला सांगतात. फोनवर माझा पाण्याखालचा फोटो दाखवला की समजतं. अडकलेली दोरी कापायचा लाइन कटर चेक-इनमध्ये. टॉर्चचे सेल काढून, टोकांना चिकटपट्टी लावून जवळ ठेवायचे आणि टॉर्चचं झाकण सैल सोडायचं. मी एकदा घट्ट लावून ठेवलं होतं. विमानात बाहेरचा दाब कमी होतो तेव्हा आतली हवा ओ-रिंगमधून म्हणजे झाकणाच्या रबरी कड्यातून थोडी निसटते, आणि उतरल्यावर बाहेरचा दाब झाकण आत दाबून धरतो. तेव्हा ते उघडायला दोन जणांचे हात लागले.

सगळ्याला साधारण ९५ हजार गेले, जुन्याचे ४० हजार आले. पावसाळ्यात मालवण बंद असतं, तेवढ्यात रेग्युलेटर सर्व्हिसिंगला देणार आहे. आणि मोज्यांच्या जागी रबरी तळव्याच्या पातळ बुटीज शोधते आहे, जोडी ४०० ग्रॅमच्या आत बसेल अशा. कुणी वापरल्या असतील तर स्वतः काट्यावर ठेवून वजन कळवा.