पार्लरचा ड्रायर: एसी मोटरचा की ब्रशलेस?

भाचीनं नवं पार्लर काढलंय. "मावशी, जड घेऊ की हलका?" असं विचारत होती. खोक्यावर काय लिहिलंय ते सोडून देऊ.

जड म्हणजे एसी, म्हणजे भिंतीतल्या विजेवर थेट चालणाऱ्या, मोटरचा. लग्नसराईत दिवसाला सात-आठ ब्लो-ड्राय झाले की संध्याकाळी मनगट भरून येतं, खांदा उचलवत नाही. हलका म्हणजे ब्रशलेस: आत कार्बनचे ब्रश नसतात, मोटर सर्किटवर चालते. ही मोटर लहान, पण मिनिटाला लाखभर फेरे घेते. म्हणून वजन कमी असूनही वारा जोरात येतो.

किमतीत मात्र ब्रशलेस कितीतरी महाग, आणि बिघडला तर सर्किटपाशी अडतं. एसीवाल्याची कॉइल, स्विच, वायर कोपऱ्यावरचा इलेक्ट्रिशियनही बदलतो. माझ्या ड्रायरची वायर दोनदा गेली, दोन्ही वेळा मुठीपाशी, जिथे ती सारखी वाकते तिथेच.

2000 वॅटचा ड्रायर जवळपास 9 अँपिअर ओढतो. 6 अँपिअरच्या सॉकेटला लावू नकोस, 16 चा पॉइंट काढून घे. मागची जाळी दोन्हींची रोज साफ करायची.

एक-दोन खुर्च्या, हातात पैसा कमी, तर एसीच. दिवसभर ब्लो-ड्रायच करायचे किंवा नवरीच्या घरी सामान न्यायचं असेल, तर ब्रशलेससाठी थोडं थांबून पैसे जमव.