डिजिटल सातबारा: सात वर्षं वापरल्यावरचा माझा रिव्ह्यू

आधीच सांगते की हा एकदा वापरून लिहिलेला रिव्ह्यू नाहीये. महाभूमी पोर्टलवरचा, म्हणजे राज्याच्या जमीन नोंदींच्या साइटवरचा, डिजिटल सहीचा सातबारा मी २०१९ पासून काढतेय, आमचा, काकांचा, मामाच्या गावचा, शेजारच्या आज्जीचा, आणि जून उजाडला की गावाकडून फोन चालू होतात, ताई तेवढा उतारा काढून पाठव की. मी पुण्यात हिंजवडीत नोकरीला आहे आणि माझं रोजचं काम क्लाउडचंच आहे, कंपन्यांचा डेटा जुन्या सर्व्हरवरून क्लाउडवर हलवायचा, त्यामुळे या सेवेकडे मी दोन्ही बाजूंनी बघते, शेतकऱ्याची पोरगी म्हणून पण आणि हे आतून कसं चालत असेल याची कल्पना असलेली म्हणून पण.

सुरुवात पुरापासून झाली. आमचं गाव पलूस तालुक्यात कृष्णाकाठी आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी घरात शिरलं तेव्हा अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, आधी म्हशी सोडल्या, मग आज्जीला माडीवर नेलं, आणि कागदांची ट्रंक कॉटखाली राहिली ती राहिलीच. पाणी ओसरल्यावर ट्रंक उघडली तर आत नुसता लगदा. आजोबांच्या वेळचे हातानं लिहिलेले उतारे, फेरफाराच्या (जमिनीच्या नोंदीतल्या बदलांच्या) नकला, सोसायटीच्या पावत्या, सगळी निळी शाई एकमेकांत उतरलेली. अण्णा ओसरीवर चटई टाकून विळ्याच्या टोकानं एकेक पान सोडवायला बसले होते आणि सुटलेल्या पानावर वाऱ्यानं उडू नये म्हणून खडा ठेवत होते, पण त्या पानावर वाचण्यासारखं काही उरलंच नव्हतं. मी फोनवर विचारलं अण्णा गट नंबर पाठ आहेत का, तर म्हणाले पाठ असायला काय, जमीन हाय ती आपली. त्यांनी सांगितले तसे मी लिहून घेतले आणि त्याच रात्री पाचही गटांचे उतारे आणि ८अ (एका खातेदाराच्या गावातल्या सगळ्या जमिनीचा उतारा) काढून दादाच्या व्हॉट्सॲपवर टाकले. अण्णांनी फोन हातात घेऊन वरपासून खालपर्यंत सगळं वाचलं, आणि पहिला प्रश्न विचारला, शिक्का कुठाय?

त्या प्रश्नाकडे पुढे येतेच, कारण या सेवेचं खरं दुखणं अजून तिथंच आहे.

ज्यांनी अजून वापरलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पोर्टलवर सातबारा दोन प्रकारे मिळतो. एक फुकट बघायचा, तो फक्त माहितीसाठी, कुठं जोडायला चालत नाही. दुसरा डिजिटल सहीचा, १५ रुपयांचा, तो कायदेशीर कामाला चालतो. मोबाईल नंबर टाकायचा, ओटीपी येतो, पोर्टलवरच्या आपल्या खात्यात आधी थोडे पैसे भरून ठेवायचे, मग जिल्हा, तालुका, गाव, गट नंबर निवडला की १५ रुपये कापून पीडीएफ हातात. ८अ आणि फेरफार पण असेच निघतात. मला घाईत असताना पण पाच मिनिटाच्या वर वेळ लागत नाही, आणि परवाच रात्री पावणेअकराला कुकर गार होईस्तोवर ओट्याशी उभ्या उभ्या काकांचे दोन उतारे काढले. आता याची तुलना जुन्या दिवसाशी करा. तलाठी एकटा आणि त्याच्याकडे तीन-चार गावं, तो कुठल्या दिवशी कुठल्या चावडीत भेटेल ते आधी कुणाला तरी विचारायचं, नाहीतर एसटीनं तालुक्याला जायचं, तिथं लाईट असली तर प्रिंट निघणार, आणि कागद एका दिवसात हातात पडला नाही तर उद्या परत. अण्णांचा अख्खा एक दिवस आणि एका गड्याची हजेरी एका उताऱ्यापायी जायची.

आता क्लाउडचं. बऱ्याच जणांना वाटतं की सातबारा ऑनलाइन झाला म्हणजे कागद कॉम्प्युटरात घातला, संपलं. तसं नाहीये. कॉम्प्युटरवरचा सातबारा आपल्याकडं आधीपासून होता, पण तो तालुक्यातालुक्याच्या मशीनमध्ये होता, म्हणजे ते मशीन बसलं की अख्खा तालुका बसला. राज्यात ३५८ तालुके आणि जवळपास अडीच कोटी सातबारे. हा डेटा एका जागी आणणं, त्यातल्या चुका काढणं आणि मग लाखो लोक एकाच आठवड्यात मागायला आले तरी तो देता येणं, या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि क्लाउड कामाला येतो तो मुख्यतः तिसरीला.

आमच्याकडं जत्रेला गावातला हॉटेलवाला करतो ना, एरवी एका भट्टीवर भागवतो आणि जत्रेच्या तीन दिवसांपुरत्या चार भट्ट्या आणि चार पोरं भाड्यानं आणतो, जत्रा उठली की परत देतो, क्लाउड म्हणजे नेमकं तेच. सातबाऱ्याची जत्रा जून-जुलैत भरते. पीक कर्जाचं नवंजुनं (जुनं फेडून नवं उचलणं) त्याच दिवसात, पीक विम्याची मुदत जुलैअखेरची, २०२३ च्या खरिपात राज्यानं एक रुपयात विमा केला तेव्हा तर दीड कोटीच्या वर अर्ज आले होते. तेवढ्या गर्दीच्या मापानं सरकारनं स्वतःची मशीनं विकत घेऊन ठेवली तर वर्षाचे दहा महिने ती रिकामी गरगरणार, आणि कमी घेतली तर ऐन पेरणीत सगळं ठप्प. जेवढं वापरलं तेवढंच भाडं, हे गणित शेतकऱ्याला समजावून सांगावं लागत नाही, आपण ट्रॅक्टर तासावर आणतोच की.

राज्याला हे कळलं याचा मला खरंच अभिमान आहे. केंद्राचा मेघराज क्लाउड २०१४ ला आला, आणि जानेवारी २०१८ मध्ये महाराष्ट्रानं सार्वजनिक क्लाउडचं धोरण आणलं, असं करणारं देशातलं पहिलं राज्य म्हणून तेव्हा बातम्या होत्या. धोरणाचा गाभा एवढाच की प्रत्येक खात्यानं आपापलं सर्व्हर खरेदीचं टेंडर काढत बसायचं नाही, केंद्राच्या आयटी मंत्रालयानं तपासून यादीत घेतलेल्या कंपन्यांकडून क्लाउड घ्यायचा, आणि डेटा मात्र भारतातच राहिला पाहिजे. त्याच वर्षी १ मे ला डिजिटल सहीचा सातबारा सुरू झाला. ज्याला २१ जून २०१२ ची मंत्रालयाची आग आठवते त्याला वेगळं सांगायला नको की एकाच इमारतीत एकच प्रत ठेवणं म्हणजे काय. मी तेव्हा कॉलेजात होते, टीव्हीवर त्या खिडक्यांमधून निघणारा धूर बघताना त्या फायलींमागं कुणाकुणाची कामं अडकली असतील याचा विचार केला नव्हता. आमची ट्रंक भिजल्यावर तो आला.

पण क्लाउडचं कौतुक करताना माणसं विसरायची नाहीत. २०१७ मध्ये गावोगाव चावडीवाचन झालं, म्हणजे कॉम्प्युटरवरचे सातबारे गावासमोर वाचून दाखवायचे आणि ज्याची चूक असेल त्यानं उठून सांगायची. अण्णा त्याला हजर होते. तलाठी तात्या (आता पदाचं नाव ग्राम महसूल अधिकारी झालंय पण गावात तलाठीच म्हणतात) एकेक गट वाचत होते आणि लोक मधेच, ओ तात्या ते नाव माझ्या चुलत्याचं, माझं खाली घ्या. त्या काळात दिवसा सर्व्हरवर लोड यायचा म्हणून राज्यभर तलाठ्यांनी रात्री जागून नोंदी तपासल्या आहेत, डोळे फोडून. आज मी ओट्याशी उभी राहून पाच मिनिटात उतारा काढते त्यात त्यांच्या कितीतरी रात्री गेल्यात.

आता शिक्का. दोन वर्षांपूर्वी जूनमध्ये अण्णा पीक कर्जाला एका बँकेच्या शाखेत गेले, मी काढून दिलेला उतारा घेऊन. काउंटरवरचा माणूस म्हणाला हे झेरॉक्स चालणार नाही, तलाठ्याचा सही-शिक्का मारून आणा. अण्णा गप परत आले, त्यांचा स्वभावच तसा आहे, समोरचा खुर्चीवर बसलेला असला की वाद घालायचा नाही. मला कळलं तेव्हा इतकं वाईट वाटलं की मी शनिवारची गाडी पकडून गेले आणि सोमवारी त्यांच्याबरोबर शाखेत. मी भांडले नाही. उताऱ्यावर १६ अंकी पडताळणी नंबर असतो, तो त्या साहेबांना दाखवला, म्हटलं तुमच्याच कॉम्प्युटरवर पोर्टल उघडा आणि पडताळणीच्या पानावर हा नंबर टाका. त्यांनी एका बोटानं हळूहळू टाकला, दोनदा चुकला, तिसऱ्यांदा स्क्रीनवर अण्णांचाच उतारा जसाच्या तसा उघडला. ते बराच वेळ कागदाकडं आणि स्क्रीनकडं आलटून पालटून बघत राहिले आणि म्हणाले, अहो मग हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही. त्यांना खरंच कुणी सांगितलं नव्हतं, आणि माझी तक्रार त्यांच्यावर नाहीच, ती त्या न झालेल्या ट्रेनिंगवर आहे. शिक्का खोटा बनवता येतो, हा नंबर नाही, म्हणजे नवीन कागद जुन्यापेक्षा जास्त पक्का आहे, पण खिडकीपलीकडच्या माणसाला ते माहीत नसेल तर शेतकऱ्याची खेप चुकत नाही. नंतर डिसेंबर २०२५ मध्ये महसूल खात्यानं परिपत्रक काढून स्पष्टच केलं की डिजिटल सही, क्यूआर कोड आणि १६ अंकी नंबर असलेल्या उताऱ्याला तलाठ्याच्या सही-शिक्क्याची गरज नाही. मी त्याची प्रिंट काढून अण्णांच्या पिशवीत ठेवलीय. तुम्ही पण ठेवा.

दुसरी गोष्ट चुकांची. क्लाउडवर गेलं म्हणजे बरोबर झालं असं नाही. आमच्या एका गटात हातानं लिहिलेल्या काळापासून काकांचं नाव एका अक्षरानं चुकलंय आणि आज्जी जाऊन तीन वर्षं झाली तरी तिचं नाव तसंच होतं, ते आम्ही पण लावून धरलं नाही. पूर्वी कुणाचं अडायचं नाही कारण गावात सगळे सगळ्यांना ओळखतात. आता ॲग्रिस्टॅकचा (शेतकऱ्यांची माहिती एका जागी जोडणारी सरकारची डिजिटल योजना) शेतकरी ओळख क्रमांक कृषी योजनांना सक्तीचा झालाय, आणि तिथं आधारवरचं नाव आणि सातबाऱ्यावरचं नाव मशीन ताडून बघतं, मशीनला काका माहीत नाहीत. म्हणून कळकळीनं सांगते, उतारा नुसता काढून फाईलला लावू नका, बसून वाचा. नाव, क्षेत्र, इतर हक्काच्या रकान्यात जुना फेडलेला बोजा, म्हणजे कर्जाची नोंद, तसाच आहे का, सगळं. वारस नोंद, बोजा चढवणं-उतरवणं, मयताचं नाव कमी करणं यासाठी ई-हक्क प्रणालीवर घरबसल्या अर्ज करता येतो. आम्ही आज्जीचं त्यावरूनच केलं. पण तिथून पुढं नोटीस आणि मंडल अधिकाऱ्याची मंजुरी हे सगळं माणसांच्याच वेगानं चालतं आणि ते तसंच चालावं असं मला वाटतं, जमिनीवरचं नाव एका क्लिकनं बदललेलं कुणालाच नको असेल.

ई-पीक पाहणीबद्दल वेगळं लिहायला पाहिजे, ते ॲप २०२१ च्या १५ ऑगस्टपासून राज्यभर आहे आणि आता पिकाची नोंद आपली आपण फोटो काढून करतो. अण्णांना ते फारच आवडतं. सोयाबीनमध्ये उभं राहून चष्मा कपाळावर सरकवून फोटो काढतात आणि मला पण पाठवतात.

बारीकसारीक सूचना अशा की पीडीएफ आली की लगेच सेव्ह करा आणि स्वतःलाच व्हॉट्सॲप करून ठेवा. खात्यात शंभर-दोनशे रुपये कायम असू द्या, ऐनवेळी पैसे भरताना ओटीपी नाही आला की जीव वर-खाली होतो. कर्जाला किंवा खरेदीखताला जुना उतारा जोडू नका, त्याच आठवड्यातला काढा, १५ रुपयांसाठी कशाला जीव टांगणीला लावायचा. आणि ज्यांच्या घरात स्मार्टफोन नाही त्यांचा उतारा काढून द्या, त्यासाठी जास्तीचे पैसे घेऊ नका.

मला राज्याकडून आता एवढंच हवंय की खेड्यातल्या प्रत्येक बँक शाखेत आणि सोसायटीत त्या १६ अंकी नंबरची पडताळणी कशी करायची याचं मराठीतलं एक पान भिंतीला लावावं, काउंटरच्या आत आणि बाहेर पण. ते होईपर्यंत माझे ५ पैकी ४ स्टार.

काकांच्या नावाच्या दुरुस्तीचा अर्ज तहसीलला दिलाय, पुढच्या महिन्यात तारीख आहे. अण्णा म्हणाले मीच जातो, नंबर कुठं टाकायचा ते आता मला येतंय.