आर्कपायमधून टेबल भरताना: कॅल्क्युलेट फील्ड की अपडेट कर्सर?

आर्कजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरच्या टेबलात आर्कपाय ही त्याची पायथन लायब्ररी वापरून स्क्रिप्टमधून मूल्यं भरायला दोन नेहमीच्या वाटा आहेत: सूत्राने अख्खं फील्ड (स्तंभ) भरणारं कॅल्क्युलेट फील्ड हे टूल आणि आवृत्ती १०.१ मध्ये आलेल्या डेटा अ‍ॅक्सेस मॉड्यूलमधला, एकेक रेकॉर्ड घेऊन बदलणारा अपडेट कर्सर. कोणती घ्यायची, हे मूल्य कुठून येतंय यावर ठरवा.

त्याच रेकॉर्डच्या दुसऱ्या फील्डमधून येत असेल, समजा लोकसंख्या भागिले क्षेत्रफळ, तर कॅल्क्युलेट फील्ड उत्तम. एका ओळीत काम उरकतं आणि मॉडेलबिल्डरमध्येही (कोड न लिहिता टूल्स जोडायची सोय) ते तसंच वापरता येतं.

मूल्य व्हेरिएबलमध्ये असलं की मात्र गोष्ट बदलते. समजा, प्रत्येक तालुक्याची वेगळी फाइल आहे, लूप फिरतोय आणि तालुक्याचं नाव सगळ्या रेकॉर्डांत लिहायचंय. कॅल्क्युलेट फील्डला मूल्य नको असतं, एक्स्प्रेशन, म्हणजे चालवून बघायचं सूत्र, हवं असतं. ‘खेड’ हा मजकूर तसाच दिला, तर टूल तो पायथन कोड म्हणून वाचतं, खेड नावाचं व्हेरिएबल शोधतं आणि नेम एरर देऊन थांबतं. म्हणून आत आणखी अवतरणचिन्हं घालावी लागतात. आणि मजकुरातच एकेरी अवतरण आलं, तर तेही मोडतं. मजकुराला योग्य अवतरणं लावून देणारं पायथनचं रेप्र (repr) फंक्शन वापरून यातून सुटता येतं. संख्येला ही अडचण नाही, त्यामुळे फक्त आकडे घेऊन चाचणी केली तर दोष दिसतच नाही.

अशा कामाला मी बेधडक अपडेट कर्सर सुचवेन. व्हेरिएबल जसंच्या तसं रेकॉर्डमध्ये ठेवायचं, अवतरणांचा प्रश्नच नाही. दुसऱ्या टेबलातून मूल्यं आणायची असतील तर ती आधी सर्च कर्सरने (फक्त वाचणारा कर्सर) पायथनच्या डिक्शनरीत भरून घ्या. दोन टेबलं जोडून (जॉइन) कॅल्क्युलेट करण्यापेक्षा हे बहुधा बरंच वेगवान ठरतं. दोन गोष्टी मात्र सांभाळा. बदल टेबलात उतरवणारं अपडेट-रो (updateRow) लिहायचं राहिलं तर एरर येत नाही, टेबल नुसतं जुनंच राहतं. आणि कर्सर पायथनच्या विथ (with) ब्लॉकमध्येच उघडा, म्हणजे काम संपताच टेबलावरचा लॉक सुटतो.

मराठी नावं भरणाऱ्यांनी शेपफाइल या जुन्या फाइल प्रकारापासून जपावं. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, काना-मात्रा-हलन्तासकट, ३ बाइट घेतं. ‘छत्रपती संभाजीनगर’ला मधल्या जागेसह ४९ बाइट लागतात. शेपफाइलच्या मजकूर फील्डची कमाल मर्यादा २५४ बाइट, शिवाय त्यात नल (मूल्यच नाही अशी नोंद) साठवता येत नाही. वाट कोणतीही घ्या, डेटा आर्कजीआयएसच्या ‘फाइल जिओडेटाबेस’ या प्रकारात ठेवा.