व्हाइट पास रेल्वे: जाताना डावीकडे बसावे

अलास्कातील स्कॅगवे बंदरातून सुटणारी ‘व्हाइट पास अँड युकॉन रूट’ ही गाडी नेरळ-माथेरान करून आलेल्या मुंबईकराला काहीशी ओळखीची वाटते. रूळ तीन फुटी, म्हणजे माथेरानपेक्षा फुटाने रुंद. गाडी जेथवर चढते त्या ‘व्हाइट पास’ खिंडीच्या शिखराची उंची २,८६५ फूट, म्हणजे माथेरानहून थोडीच जास्त. चढ मात्र काही ठिकाणी सव्वीस फुटांना एक फूट असा आहे. भोर घाटात तो सदतीस फुटांना एक आहे, यावरून कल्पना यावी.

१८९६ मध्ये कॅनडातील क्लोंडाइकच्या परिसरात सोने सापडले आणि पुढच्या वर्षी ती बातमी अमेरिकेच्या किनाऱ्यावर पोहोचताच हजारो माणसे या खिंडीकडे धावली. कॅनडाच्या पोलिसांनी प्रत्येकाने सुमारे टनभर शिधासामान सोबत आणलेच पाहिजे असा दंडक घातल्याने ओझी वाहणाऱ्या जनावरांचे अतोनात हाल झाले, आणि सुमारे तीन हजार जनावरे ज्या घळीत व तिच्या आसपास मेली, ती आजही ‘डेड हॉर्स गल्च’ याच नावाने ओळखली जाते. तिच्यावरून जाताना समोरच्या उतारावर त्या पायवाटेची पुसट रेघ दिसते. ही रेघ पाहण्यासाठीच तिकीट काढावे, असे माझे मत आहे. धबधबे व हिमशिखरे सुंदर आहेतच, पण ती आमच्या सहलीच्या जहाजाच्या कठड्यावरूनही दिसली होती.

रेल्वेचे काम मे १८९८ मध्ये सुरू झाले. कड्यांवर दोरांनी लटकून सुरुंग ठासणारे मजूर कसे जगले असतील, हा विचार मनातून जात नाही. वाटेत एक काळा क्रॉस दिसतो, तेथे ऑगस्ट १८९८ मध्ये सुटलेल्या प्रचंड शिळेखाली दोघे गाडले गेले. २० फेब्रुवारी १८९९ रोजी पहिली गाडी शिखरावर पोहोचली आणि जुलै १९०० मध्ये कॅनडातील व्हाइटहॉर्स गावापर्यंतचा ११० मैलांचा मार्ग पूर्ण झाला, तोवर सोन्याची लाट ओसरली होती. ज्या गर्दीसाठी मार्ग बांधला ती निघून गेल्यावर तो मुख्यतः खाणींच्या मालावर जगला, १९८२ मध्ये बंद पडला आणि १९८८ मध्ये प्रवाशांच्या हौसेवर पुन्हा सुरू झाला. १९०१ चा पोलादी पूल १९६९ पासून वापरात नाही. तो खिडकीतून नीट दिसतो.

तक्रार आहे ती आमच्या दादरच्या सहल कार्यालयाबद्दल. जहाजाचे कार्ड पुरे, असे त्यांनी सांगितल्याने आम्ही पासपोर्ट खोलीतच ठेवले. पुढे कॅनडात जाणाऱ्या लांबच्या फेरीला ते लागतात, हे स्थानकावर कळले. मग शिखरापर्यंतच्या पावणेतीन तासांच्या फेरीवर समाधान मानावे लागले.

जाताना डावीकडची जागा धरावी. शिखरावर इंजिने दुसऱ्या टोकाला जोडली जातात आणि प्रवाशांनी परस्परांत बाजू बदलायची पद्धत आहे, त्यामुळे उजवीकडच्यांचेही नुकसान होत नाही. डब्याच्या टोकाच्या उघड्या सज्ज्यावर उभे राहता येते. लोकलच्या दारात उभे राहण्याची सवय येथे कामाला येते, मात्र जुलैतही कानटोपी हवी. शिखरावर उतरू देत नाहीत, तेव्हा तेथे पाय मोकळे करण्याचा बेत ठेवू नये.