डॉकस्ट्रिंगची मांडणी: रीस्ट्रक्चर्डटेक्स्ट की गूगल शैली?

पायथनच्या कोडमधून स्फिंक्स या दस्तऐवज बनवणाऱ्या साधनाने आपोआप दस्तऐवज तयार करावेत असे ठरले, की डॉकस्ट्रिंग (म्हणजे फंक्शन किंवा क्लासच्या सुरुवातीला लिहिलेले त्याचे वर्णन) कोणत्या शैलीत लिहावी हा प्रश्न उभा राहतो. २००१ च्या पेप २५७ या पायथनच्या अधिकृत प्रस्तावाने सर्वसाधारण संकेत घालून दिले, पण पॅरामीटर (फंक्शनला दिली जाणारी मूल्ये) मांडण्याचा ठरावीक साचा दिला नाही.

रीस्ट्रक्चर्डटेक्स्ट ही साध्या मजकुराला चिन्हांनी मांडणी देणारी, स्फिंक्सची मूळ मांडणी-भाषा असल्याने ऑटोडॉकला (कोडमधील डॉकस्ट्रिंग उचलणाऱ्या स्फिंक्सच्या एक्स्टेन्शनला) ती थेट समजते. मात्र प्रत्येक पॅरामीटरसाठी कोलन, ‘पॅराम’, नाव, पुन्हा कोलन असे लिहावे लागते आणि मूल्याचा प्रकार (संख्या, मजकूर इ.) वेगळ्या ओळीवर दिला तर चार पॅरामीटरच्या आठ ओळी होतात, त्यामुळे वाचणाऱ्याची नजर अर्थाआधी चिन्हांवर अडखळते.

गूगल शैलीत ‘आर्ग्स’ या मथळ्याखाली थोडी जागा सोडून नाव, कंसात प्रकार आणि कोलननंतर वर्णन येते. ती स्फिंक्सला समजावी म्हणून नेपोलियन हे एक्स्टेन्शन लागते. ते स्फिंक्स १.३ पासून सोबतच मिळते आणि कॉन्फिगरेशन फाइलमध्ये त्याचे नाव जोडले की काम भागते. मला हीच शैली अधिक पटते, कारण डॉकस्ट्रिंग तयार पानाइतकीच, किंबहुना त्याहून जास्त वेळा, एडिटरमध्ये कोडशेजारी वाचली जाते. नेपोलियन सुरू असतानाही रीस्ट्रक्चर्डटेक्स्ट शैलीतील जुन्या डॉकस्ट्रिंग पूर्वीसारख्याच चालतात, त्यामुळे हा बदल एकेक फाइल घेऊन सावकाश करता येतो.